थोरलीची थप्पी

लाँड्रीत दोघींना नावानं कुणी हाक मारत नसे. सासूला थोरली म्हणत आणि सुनेला धाकटी, तेवढ्यावर भागत असे. सासू-सून एकाच टेबलाशी दिवसभर उभ्या राहतात आणि संध्याकाळी पुन्हा एकत्रच घरी जातात, याचं बाकीच्या बायकांना कोण कौतुक. "आमच्याकडे असं असतं तर एव्हाना पोलीस आले असते," असं त्यांच्यातली चष्मेवाली म्हणायची. धाकटी हसून सोडून द्यायची. भांडणं त्यांचीही व्हायची, पण वाफेच्या आवाजात ती कुणाला ऐकू जात नसत.

ही लाँड्री म्हणजे इस्पितळांच्या चादरी धुण्याचा कारखाना. लांबच लांब, बुटक्या छपराची शेड. एका टोकाला धुण्याची यंत्रं, मध्ये चादरींना इस्त्री करणारा तापलेला रूळ आणि पलीकडे घड्यांचं टेबल. रुळातून बाहेर पडलेली चादर हात पोळेल इतकी गरम असते. ती तशीच धरायची, झटकायची, दुमडायची आणि आपापल्या थप्पीवर ठेवायची. पहिल्या वर्षात बोटांची कातडी जाते. मग नवी येते, ती जाड येते. काही चादरींवरचे डाग कितीही धुतले तरी जात नाहीत, आणि ते कसले याचा विचार करायचा नाही हे इथं पहिल्याच दिवशी शिकवतात.

या टेबलाची एक रीत होती. कुणी घातली हे सांगायला आता कुणी उरलं नव्हतं. जिचं काम आधी उरकेल तिनं शेजारणीच्या गठ्ठ्याला हात लावायचा, न विचारता. किती घड्या घातल्या ते मोजायचं नाही. आणि जिला हात मिळाला तिनं आभार मानायचे नाहीत. धाकटी नवीन होती तेव्हा एकदा चष्मेवालीला 'थँक्यू' म्हणून बसली, तर थोरलीनं घरी जाऊन तिची चांगली खरडपट्टी काढली.

"आभार मानलेस म्हणजे तिला परत करणं आलं," थोरली म्हणाली. "परत करायचं म्हणजे मोजणं आलं. असलं काही आमच्या टेबलावर चालत नाही."

आता या रीतीचा सगळ्यात जास्त आधार थोरलीलाच होता. तिची बोटं सुजायला लागली होती. सकाळी मूठ वळत नसे. उठल्याउठल्या ती पातेल्यात पाणी गरम करायची आणि दोन्ही हात त्यात बुडवून बसायची, जणू हातांचाच चहा टाकलाय. कामावर चादर झटकताना तिचा चेहरा बदलायचा, पण तोंडातून हूं की चूं नाही. मग चष्मेवाली दोन चादरी ओढून घ्यायची, शिडी चार. शिडी म्हणजे टेबलावरची सगळ्यात उंच बाई. मुकादम बाई स्वतः याच टेबलावरून वर गेली होती, त्यामुळे तिला सगळं ठाऊक होतं आणि काहीच दिसत नव्हतं.

घरी दोघी आणि धाकटीची शाळेत जाणारी मुलगी. नवरा लांब कुठंतरी बांधकामावर, त्याचे पैसे आले तर आले. खोली इमारतीच्या मागच्या अंगाला होती, भिंतीला बारा महिने ओल, आणि खिडकी होती ती समोरच्या भिंतीवर उघडायची. दोघींचे दोन पगार होते म्हणून हे घर उभं होतं. एक गेला असता तर काय झालं असतं, हे धाकटीला विचार न करताही ठाऊक होतं. थोरलीची टेबलावरची जागा टिकायला हवी, एवढंच तिच्या डोक्यात रात्रंदिवस असायचं.

अशात किमान वेतन वाढलं. वाढायलाच हवं होतं, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. माणसानं दिवसभर पोळून घ्यावं आणि त्यातून धड एक कोरडी खोलीही परवडू नये, हे काय कुणाचं भलं करणारं होतं? त्यासाठी धाकटी मोर्चात गेली होती, घसा बसेपर्यंत ओरडली होती, आणि ज्या दिवशी बातमी आली त्या दिवशी टेबलाशी उभी राहून ढसाढसा रडली. थोरलीनं तिच्या पाठीवर एक धपाटा घातला. "रडतेस काय? चादर ओली होईल," म्हणाली. संध्याकाळी घरी जाताना त्या मुद्दाम वाकड्या वाटेनं गेल्या आणि रस्त्याच्या कडेच्या एका इमारतीत भाड्यानं द्यायची असलेली खोली खालूनच बघून आल्या. खिडकीवर ऊन होतं.

दुसऱ्या दिवशी मालक आला. तो एरवी महिन्यातून एकदा यायचा आणि कपाळाला आठ्या घालून यायचा. या वेळी तो हसत आला, सगळ्यांसाठी चहा मागवला आणि आपणही बायकांमध्ये उभा राहून प्यायला. चष्मेवाली हळूच म्हणाली, "हा चिडला असता तर बरं वाटलं असतं गं."

"नवा दर सगळ्यांना मिळणार," मालक म्हणाला. "एक पैसा कमी करणार नाही. माझ्याबद्दल कुणी काही बोलायला नको. फक्त दराप्रमाणे काम होतंय का, ते एकदा बघून घेऊ. उद्यापासून एक माणूस येईल. तुम्ही त्याच्याकडे लक्ष देऊ नका."

लक्ष देऊ नका असं सांगितलेल्या माणसाकडे कोण लक्ष देणार नाही? तो आला तो शांत, नीटनेटका, मऊ तळाचे बूट घातलेला. बायका त्याला मोजणीवाला म्हणायला लागल्या. त्याच्या मुठीत बसेल एवढं बटणाचं यंत्र होतं. घडी थप्पीवर पडली की तो अंगठ्यानं बटण दाबायचा आणि टिक असा आवाज यायचा. संध्याकाळी रूळ थांबला की तो प्रत्येकीची पूर्ण थप्पी मोजायचा आणि तोच तिचा आकडा. शेडमध्ये रुळाची धडधड, वाफेचा फुत्कार, पाण्याचा घोष, पण त्या सगळ्यातून ते टिक बरोबर ऐकू यायचं. धाकटीनं त्याला कधी रागावलेलं पाहिलं नाही. तो कुणाला घाई कर म्हणाला नाही. बूट वाजत नसल्यामुळे तो मागे येऊन उभा राहिलाय हे टिक ऐकू आल्यावरच कळायचं.

पहिल्या दिवशी तो थोरलीच्या मागे बराच वेळ थांबला. टिक. मग मोठी शांतता. मग टिक. त्यानं डोकं जरासं कलतं केलं आणि तो पुढे गेला.

दुपारच्या सुट्टीत थोरली नळाखाली हात धरून बसली होती. तेवढ्यात धाकटीनं बाकीच्यांना बॉयलरच्या मागे गाठलं. डबे उघडले होते, पण कुणी जेवत नव्हतं.

"आईंना काढणार," ती म्हणाली. "त्याचं तोंड बघितलंत ना?"

"बघितलं," चष्मेवाली म्हणाली. "मेल्याच्या तोंडावरची माशी उडत नाही."

"मग एवढंच करायचं. तो जवळ असताना हात द्यायला जायचं नाही. आपल्या जागेवर घडी घालायची, आणि तो वळला की आईंच्या थप्पीवर सरकवायची. चार दिवसांचा प्रश्न आहे. जोर लावू."

"किती सरकवायच्या?" शिडीनं विचारलं.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती बिचारी लाजली. या टेबलावर तो प्रश्न विचारायचा नसतो.

आणि बायकांनी जोर लावला. त्या आठवड्यात त्या टेबलावर जसं काम झालं तसं आजवर झालं नव्हतं. कुणी पाणी प्यायला गेलं नाही, कुणी कंबर सरळ केली नाही. स्वतःची थप्पी तर मागे पडू द्यायची नाही आणि वर थोरलीची वाढवायची. मोजणीवाल्याची पाठ वळली की चष्मेवालीच्या घड्या सरकायच्या, शिडीच्या सरकायच्या, पलीकडच्या दोघींच्या यायच्या, आणि धाकटी तर शेजारीच होती. एकीनं किती दिल्या हे दुसरीला ठाऊक नाही, आणि स्वतः किती दिल्या हे तिचं तिलाही नाही. मोजायचं नाही अशी रीतच होती. प्रत्येकीला वाटत होतं की बाकीच्या कमी पडतील, म्हणून आपण जरा जास्त टाकावं. थोरली मान खाली घालून आपली एकेक घडी घालत राहिली. तिला काही कळलं नाही असं सगळ्यांनी धरून चाललं.

शेवटच्या दिवशी मोजणीवाला थोरलीजवळ थांबला आणि पहिल्यांदाच बोलला.

"मावशी, वय काय तुमचं?"

थोरलीनं सांगितलं.

"कमाल आहे," तो म्हणाला आणि हसला. त्याचं हसू छान होतं. धाकटीला इतकं हलकं वाटलं की तिला शिडीच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण गळा फार वर होता. फक्त रूळ थांबल्यावर टेबलाकडे नजर टाकताना तिच्या मनात काहीतरी खटकलं. थोरलीची थप्पी सगळ्यांत उंच होती. ती नुसती पुरेशी नव्हती, शिडीच्याही वर गेली होती. धाकटीनं तो विचार झटकून टाकला.

दोन दिवसांनी मालकानं सगळ्यांना टेबलाशी उभं केलं. मोजणीवाला त्याच्या बाजूला होता. चहा नव्हता.

"मला वाटत होतं त्याहून तुम्ही पुष्कळ काम करू शकता," मालक म्हणाला. "आणि हे मी म्हणत नाही. मावशींनी दाखवून दिलंय. या वयात, या हातांनी त्या एवढ्या घड्या घालतात, तर तरण्याताठ्या बायकांना काय धाड भरलीय? यापुढे मावशींचा आकडा तोच सगळ्यांचा आकडा. दर वाढीव मिळेल. ज्यांना आकडा जमणार नाही त्यांना ठेवणं मला परवडणार नाही. सरळ हिशेब आहे."

धाकटीला लगेच कळलं. तो आकडा एका बाईचा नव्हताच, सगळ्यांच्या हातांचा होता. कुणालाच तो झेपणारा नव्हता, एक दिवससुद्धा. खरं सांगावं तर फसवणूक केली म्हणून थोरलीला आधी बाहेर काढतील आणि तिच्यामागोमाग बाकीच्यांना. न सांगावं तर आकडा राहणार. टेबलावरच्या सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या. कुणाच्या नजरेत राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना.

तेवढ्यात थोरली पुढे झाली. तिनं गठ्ठ्यातली एक चादर ओढली आणि मोजणीवाल्याला म्हणाली, "काढा तुमचं ते बटण."

"कशाला, मावशी?"

"काढा तर. आणि या बायकांना मागे व्हायला सांगा."

बायका मागे झाल्या. थोरलीनं चादर झटकली. झटका पुरता बसला नाही, चादर अर्धवट उघडली. तिनं टोकं जुळवली, ती निसटली. पुन्हा जुळवली. चिमटीत कापड धरवत नव्हतं, म्हणून तिनं ते दोन तळव्यांमध्ये दाबून धरलं आणि हनुवटीनं दुमडलं. धाकटीचा हात आपोआप पुढे गेला. थोरलीनं मान न वळवता सांगितलं, "हात लावशील तर याद राख." शेवटी घडी झाली. तिनं ती थप्पीवर ठेवली.

टिक.

"हे माझं काम," थोरली म्हणाली. "बाकीच्या घड्या यांच्या. माझ्यासाठी घातल्यात. माझ्या नावावर यांना मारू नका."

मालकाचा चेहरा लाल झाला. तो काही बोलणार तेवढ्यात मोजणीवाल्यानं हात वर केला. तो रागावला नव्हता. उलट विचारात पडल्यासारखा दिसला, आणि मग त्याला काहीतरी सापडलं.

"घड्या कुणीही घातल्या असोत," तो मालकाला म्हणाला, अगदी मऊ आवाजात. "टेबलावरून चादरी तर तेवढ्याच गेल्या ना? आणि मावशींशिवाय गेल्या. म्हणजे या टेबलाला एक बाई जास्त आहे. मावशींना सोडून बाकीच्यांत वाटणी करा. आकडा थोडा खाली येईल. हे करू शकतात हे आपण आठवडाभर बघितलंच आहे."

आकडा खाली येईल म्हटल्यावर टेबलाभोवती एक सुस्कारा निघाला. निघाला तो निघालाच, परत कसा घेणार? धाकटीनंही तो सोडला होता. मग कुणीच थोरलीकडे बघेना. थोरलीनं कमरेचा फडका सोडला, त्याची घडी घालायला गेली, आणि तसाच चुरगळून टेबलावर ठेवला.

त्या दिवशी धाकटी कामावरून एकटी घरी आली. थोरली पातेल्यात हात बुडवून बसली होती. मुलगी अभ्यास करत होती.

"तुम्हाला ठाऊक होतं, आई?"

"पहिल्याच दिवशी कळलं," थोरली म्हणाली. "घडी हाताला लागली की कळतंच कुणाची ते. तू कोपरे आत घालतेस. शिडीची किनार बाहेर राहते. माझ्या थप्पीत माझ्या अशा होत्या किती!"

"मग बोलला का नाहीत?"

थोरलीनं पाण्यातून हात काढले आणि बघितले. "बोलणार होते. पण तुम्ही सगळ्या इतक्या उमेदीनं करत होतात. आणि मलाही वाटलं गं, की चालून जाईल."

धाकटी तिच्याजवळ बसली आणि रडली. या वेळी थोरलीनं धपाटा घातला नाही.

नवा पगार आला. दर खरोखरच वाढलेला होता, त्यात मालकानं खोट काढली नव्हती. पण दोन पगारांच्या जागी एक आला, तेव्हा त्या वाढीचा उपयोग एवढाच की घर होतं तिथंच राहिलं. वाकड्या वाटेनं जायचं धाकटीनं सोडून दिलं. मोर्चा काढणाऱ्या कामगार संघटनेच्या माणसाला तिनं सगळं सांगितलं. तो भला माणूस होता. त्यानं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाला, "दराचा कायदा झालाय. वेगाचा अजून व्हायचाय. त्यासाठीही उभं राहावं लागेल." धाकटी म्हणाली, "राहीन." म्हणताना तिचे पाय थरथरत होते, आणि ते भीतीनं नव्हे, दिवसभर उभं राहून.

टेबलावर आता कुणी कुणाशी बोलत नसे. त्या आठवड्यात चार दिवस म्हणून जो जोर लावला होता तो आता रोजचा झाला होता. चष्मेवालीचे विनोद आटले. हात देणं तर बंदच पडलं. कुणी ठरवून बंद केलं नाही, पण स्वतःचं उरकायच्या आतच दिवस संपायचा. मुकादम बाई टेबलाकडे यायचं टाळायची. थोरलीच्या जागी टेबलाची लाकडी कड झिजून खोलगट झाली होती. धाकटी तिकडे न बघता काम करायची.

एके सकाळी धाकटी उठली आणि तिची मूठ वळली नाही. तिनं हात झटकले, चोळले, अंगाखाली दाबून धरले. थोरली पातेलं घेऊन बसली होती. तिनं सुनेकडे एकदा पाहिलं आणि पातेलं दोघींच्या मध्ये सरकवलं. चार हात त्या पाण्यात मावत नव्हते. मुलगी दप्तर भरता भरता थांबली आणि दोघींकडे बघत राहिली.

"तू बघू नकोस," थोरली नातीवर खेकसली. "शाळेला जा."

त्याच दिवशी मोजणीवाला परत आला. मालकाला आकडा पुन्हा एकदा तपासून घ्यायचा होता. तेच मऊ बूट, तेच नीटनेटके कपडे. तो धाकटीच्या मागे येऊन उभा राहिला. टिक. मग शांतता. चादर तिच्या चिमटीतून निसटली. तिनं ती धरली. पुन्हा टिक. तिनं मागे पाहिलं नाही, पण त्यानं डोकं जरासं कलतं केलं असणार हे तिला न बघताही कळलं. तो पुढे गेला.

त्या दिवशी तिनं जिवाच्या आकांतानं काम केलं. दुपारी ती जेवली नाही, सुट्टीभर नळाखाली हात धरून बसली. परत आली तेव्हा बाकीच्या आधीच टेबलाशी उभ्या होत्या आणि फार मन लावून काम करत होत्या. चष्मेवाली चष्मा पुसत होती, बराच वेळ पुसत होती.

संध्याकाळी रूळ थांबला. धाकटीनं आपली थप्पी सारखी करायला तळवा ठेवला आणि तो तसाच राहिला. मधल्या एका चादरीची किनार बाहेर होती. तिच्या खालच्या चादरीचीही. त्याखाली तिची स्वतःची, कोपरे आत. मग पुन्हा किनार बाहेर. तिनं मान वर केली. शिडी रुळाकडे बघत होती, थांबलेल्या रुळाकडे बघण्यासारखं काही नसताना. चष्मेवालीनंही मान वळवली. थप्पी चांगलीच उंच झाली होती.

पाठीमागे बूट वाजले नाहीत, पण तो आला होता.

"छान," मोजणीवाला म्हणाला. "सकाळी मला वाटलं होतं की तुम्ही दमलात."

धाकटीनं थप्पीवरचा तळवा उचलला. त्यानं तिची थप्पी मोजायला जवळ ओढली आणि अंगठा बटणावर ठेवला.